जोत्यावरची व्हीलचेअर

साताऱ्याजवळच्या एका गावातलं बंगल्याचं काम. मालक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, त्यांना मी काका म्हणते. नकाशात संडास-बाथरूमचं दार रुंद दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "मॅडम, आम्ही दोघं धडधाकट आहोत. घराचा दवाखाना कशाला करताय?"

हे मला नवीन नाही. म्हातारपणासाठी पैसे साठवताना कुणाला लाज वाटत नाही, दार मोठं करा म्हटलं की मात्र वाटते. आणि सक्ती म्हणावी तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, इमारती दिव्यांगांनाही वापरता याव्यात म्हणून केंद्राची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण खासगी बंगल्याचा नकाशा मंजूर करताना दाराची रुंदी विचारणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

जोत्यावर फक्की मारून भिंतींची आखणी करायच्या दिवशी मी गावातल्या मंडळाकडून व्हीलचेअर मागून आणली आणि काकांनाच म्हटलं, बसा, चालवून बघा. गवंडी, बिगारी, काकू, सगळे हातातलं टाकून बघायला उभे.

आधी नेहमीच्या अडीच फुटी दाराची आखणी करून घेतली. त्यातून चौकटीची जाडी आणि उघडलेलं दार वजा केलं की हाती जेमतेम दोन फूट उरतात. साधी व्हीलचेअरही त्याहून थोडी रुंदच असते. काकांनी दोन्ही बाजूंची फक्की पुसत खुर्ची आत घातली. मग चौकट सोडून निव्वळ 900 मिलिमीटर धरून आखलं. आता आत शिरले, पण वळता येईना. पुढे कमोड, मागे भिंत.

"रिव्हर्स मारूनच निघायचं का?"

"वळायला 1500 मिलिमीटरचा गोल लागतो, काका."

इथे माणूस बदलला. कासच्या घाटात बस वळवलेल्या माणसाला वळणाची जागा समजवावी लागत नाही. त्यांनी स्वतःच गवंड्याला दोरी हलवायला लावली. शेजारच्या अडगळीच्या खोलीतली जागा घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. आत्ता नको, म्हटलं. मधली भिंत चार इंचीच ठेवू, तिच्यात ना पाइप घालायचे ना वायर. लागेल तेव्हा एका दिवसात पाडता येईल. कमोडच्या बाजूच्या भिंतीत मात्र जमिनीपासून दोन ते तीन फुटांच्या दरम्यान काँक्रीटचा पट्टा आत्ताच भरायचा. आधाराचा दांडा उद्या बसवायचा झाला, तर हलक्या ब्लॉकमध्ये फास्टनर भरवशाचा धरत नाही. वरून टाइल बसली की तो पट्टा कुणाला दिसणारही नाही. असल्या कामाचा खर्च आत्ता किरकोळ असतो. फोडाफोड करून नंतर केलं तर घाम फुटतो.

जोतं दीड फूट, म्हणजे एकास बाराच्या उताराला 18 फूट लांबी. वेगळा रॅम्प काढला असता तर काकांनी तो त्याच दिवशी बुजवला असता. त्यामुळे गेटपासून पोर्चपर्यंतची वाटच हळूहळू चढत नेली. दारापुढे पाण्यासाठी जाळीची नाली.

उंबऱ्यावर मात्र काकू अडल्या. "उंबऱ्याशिवाय लक्ष्मी यायची कुठून?" तोड गवंड्याने काढली: काळ्या दगडाचा उंबरा, पण लादीच्या पातळीत. हळदकुंकू वाहता येतं, चाक अडत नाही. या कामातली सगळ्यात चांगली कल्पना माझी नव्हे, ती त्याची.

शेवटचा वाद लिफ्टचा. जिन्याशेजारी स्लॅबच्या एका चौकोनाला चारी बाजूंनी बीम दिलेत. स्लॅब नेहमीसारखाच ओतला जाईल, पुढे लिफ्ट घालायची झाली तर तेवढाच तुकडा कापायचा. काकांना हे पटलं. पण त्याच जागी खाली देवघर होतं.

"देवाच्या डोक्यावर लिफ्ट?" काकू म्हणाल्या.

देवघर पूर्वेला सरकलं. त्याच्या आधीच्या जागी आता धान्याची कोठी येणार आहे.