तुम्ही विचारलंत म्हणून: आडनाव महाले, मग बिशप कसा?

गोव्याचा विषय निघाला की मी सतराव्या शतकातल्या बिशप मातेउश द कास्त्रो महालेचं नाव घेतोच, आणि मग कोणीतरी हमखास विचारतं, अहो महाले ब्राह्मण ना तो, मग कॅथलिक बिशप कसा काय?

त्यात नवल काहीच नाही. दिवाडी बेटावरचं ख्रिस्ती झालेलं घराणं, आणि गोव्यात धर्म बदलला तरी जात सुटली नाही, ख्रिस्ती बामण आजही आहेत. खरी गोष्ट पुढे आहे. ह्याचा जन्म १५९४ च्या सुमारास, बार्देशातल्या रेइश मागुशच्या फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंकडे शिकला, हुशार, पण गोव्याचे आर्चबिशप इथल्या माणसाला पाद्री करायलाच तयार नाहीत. म्हणून हा पठ्ठ्या खुश्कीच्या वाटेने थेट रोमला गेला, १६२५ मध्ये पोचला! तिथे पोपची प्रोपागांडा फिदे ही धर्मप्रसाराचं काम बघणारी संस्था जेमतेम तीन वर्षांची, आणि पूर्वेकडचं चर्च पोर्तुगालच्या राजाच्या मुठीत आहे ही तिची डोकेदुखी, तेव्हा असा माणूस तिला हवाच होता. पाद्री झाला, परत आला, तर गोव्यात त्याचे कागदच मानेनात. पुन्हा रोम.

१६३७ मध्ये बिशप केलं, आणि त्यातली युक्ती बघा. गोव्याच्या आसपास बिशप नेमायचा तर राजाचा हक्क आडवा येतो, म्हणून पदवी दिली क्रायसोपोलिस नावाच्या फक्त कागदावर उरलेल्या धर्मप्रांताची आणि काम दिलं आदिलशाहीतलं. मग ह्याने ठाण मांडलं डिचोलीत, म्हणजे पोर्तुगीजांच्या अगदी नाकासमोर पण त्यांच्या हद्दीबाहेर. तिथे स्थानिक पोरांना पाद्रीपदाची दीक्षा द्यायला लागला, आणि गोव्याचा नुसता जळफळाट. वेंगुर्ल्यात डचांची वखार, वर विजापूर, ह्या दोघांना आमच्यावर घालतो असा पोर्तुगीजांचा आरोप होता, आणि तो अगदीच हवेतला नसावा असं मला वाटतं.

काही जण त्याला पहिला स्वातंत्र्यसैनिक वगैरे करून टाकतात, ते मला नाही पटत. १६५३ मध्ये त्याने पोर्तुगीजांविरुद्ध लिहिलं त्याचं नावच 'ब्राह्मणांचा आरसा', हाक आपल्या जातभाईंना, बाकीच्या गोवेकरांना नाही. आणि पोपशी भांडण तर कधीच नव्हतं, पोपच्याच जिवावर तर हे सगळं चाललेलं. शेवटी रोमलाच गेला आणि १६७७ मध्ये तिथेच वारला.