तिसरं प्रकरण आणि ताप

आज गाईडसोबत पीएचडीच्या प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणावर मीटिंग होती आणि लेकीला सकाळपासून ताप. मग ऑनलाइनच उरकली. ती मांडीवर झोपलेली, मी एका हाताने मुद्दे टिपतेय. सर म्हणाले, "कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल." म्हटलं, असू दे, दिसू दे की!

वाचन कसंही होतं, तुकड्यातुकड्यांत, तिला झोपवताना मोबाइलवरसुद्धा. लिहिणं तसं होत नाही. अख्खा युक्तिवाद डोक्यात धरून ठेवावा लागतो आणि "आई, शू!" ऐकलं की सगळा सांडतो. म्हणून हल्ली उठताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडते. परत आल्यावर निदान धागा सापडतो.

त्यात फेलोशिपच्या मुदती. संशोधनाला निधी देणारी युरोपियन रिसर्च कौन्सिल, पीएचडीनंतर किती वर्षांत अर्ज करायचा त्या मुदतीत आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून देते. बऱ्याच ठिकाणी मात्र सीव्हीतली ती मोकळी वर्षं आपणच समजावत बसायची.

बाकी, "पोरगी लहान असताना पीएचडी कशी जमते गं?" हे आजही एकीने विचारलंच. नवऱ्याचीही पीएचडी चालू आहे. त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.