कुंपणाने खाल्लं शेत

"हा खांब नेमका कोणाच्या जमिनीत येतो?"

शाळेकडचं बांधकाम तपासणारा इन्स्पेक्टर हातात कॉफी घेऊन सहज डोकावल्यासारखा आला आणि हे विचारून गेला. गेला म्हणजे काय, जागचा हललाच नाही. सकाळचे साडेसात वाजले होते. खांबांच्या पायासाठी जमिनीत भोक पाडणारं यंत्र, ड्रिल रिग, तापत उभं होतं. पायलिंगवाल्याचं मीटर तासावर चालतं, मग भोक पाडा नाहीतर नुसतं उभं ठेवा.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका लहान शहराच्या बांधकाम खात्यात सिव्हिल इंजिनियर आहे. काम होतं शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, भागीदारीतलं. शाळेच्या जागेवर जिम, आणि कुंपणापलीकडे शहराच्या जागेवर सॉकरचं मैदान. दिवसा शाळेची मुलं वापरणार, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गावातली सगळी.

आपल्याकडे महापालिकेची शाळा म्हटली की सगळं एकाच घरातलं. इथे स्कूल डिस्ट्रिक्टचा संसारच वेगळा. त्यांचं मंडळ स्वतंत्र निवडून येतं, कर्जरोखे स्वतंत्र, हद्दही शहराच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. 2000 सालच्या प्रपोझिशन 39 या सार्वमतानंतर ठरावीक अटी पाळल्या तर शाळांच्या रोख्यांना मतदारांची 55 टक्के मतं पुरतात. शहराच्या रोख्यांना दोन तृतीयांश लागतात. त्यामुळे बांधायला पैसा बऱ्याचदा शाळेकडे असतो, आणि संध्याकाळी कुलूप उघडून दिवे लावणारी माणसं शहराकडे. सोयरीक जमते ती अशी. (आमची रविवारची मराठी शाळा भरते तीही एका शाळेच्या वर्गांत, तासाचं भाडं भरून. बाहेरच्यांना शाळा वापरू द्यायचा सिव्हिक सेंटर अ‍ॅक्ट नावाचा कायदाच आहे.)

तर खांब. मैदानाच्या दिव्यांचे चार खांब, प्रत्येकी 70 फूट. त्यातले 1 आणि 2 नंबर कुंपणाच्या कडेने. इन्स्पेक्टरने जिमचा नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला, मी माझा शेजारी ठेवला. दोन आर्किटेक्ट, दोन नकाशे. माझ्या नकाशात हद्द कुंपणावरून सरळ गेलेली. त्याच्या नकाशात ती 1 नंबरपाशी कुंपणाला चिकटलेली, आणि 2 नंबरकडे जाता जाता मैदानाच्या अंगाला सरकलेली.

माझ्या पोटात गोळा आला. कारण सहा फूट इकडे की तिकडे, हा प्रश्न इथे सहा फुटांचा नसतो. 10 मार्च 1933 च्या संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला आणि शाळांच्या विटांच्या इमारती पत्त्यासारख्या कोसळल्या. वर्ग सुटलेले होते म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात फील्ड अ‍ॅक्ट आला. तेव्हापासून सरकारी शाळेच्या जागेवरचं बांधकाम राज्याकडूनच तपासून घ्यावं लागतं. ते खातं म्हणजे डीएसए, डिव्हिजन ऑफ द स्टेट आर्किटेक्ट. शहराचा परवाना तिथे चालत नाही. 35 फुटांवरचा दिव्याचा खांबही त्यात येतो. माझ्या खांबांना परवाना होता फक्त शहराचा. डीएसएकडे नव्याने जायचं म्हणजे काही महिने गेले.

सर्व्हेयरला बोलावलं. तो मेटल डिटेक्टर घेऊन कुंपणाच्या कोपऱ्यापासून मैदानाकडे सरकत गेला. एका जागी यंत्र किंचाळलं. वीतभर खणल्यावर गंजलेला लोखंडी पाइप लागला, तोंडावर पितळी बिल्ला. बोटाने माती पुसली तसे त्यावरचे आकडे दिसायला लागले. हद्दीची खूण. तिथून कुंपणापर्यंत टेप धरली. नऊ फूट.

कुंपणच शेत खातं हे लहानपणापासून ऐकलं होतं. टेपने मोजलं त्या दिवशी. कधीतरी कोणीतरी जाळीचं कुंपण घालताना सोयीने तिरकं घातलं, आणि शाळेच्या जमिनीची एक पाचर शहराची म्हणून सगळे धरून चालले. मीही. उंचसखलपणाचा सर्व्हे मी करून घेतला होता, हद्दीची मोजणी खर्च वाचवायला मीच वगळली होती. एवढं ढळढळीत कुंपण समोर असताना कशाला, म्हणून.

डिस्ट्रिक्टचे बांधकामप्रमुख आले. ते म्हणाले, हद्दच सरकवून टाकू, आमचं काही म्हणणं नाही. मनाचा मोठेपणा खरा, पण त्याला त्यांच्या मंडळाचा ठराव, आमच्या कौन्सिलचा ठराव, शिवाय नवे नकाशे. रिग तिथेच म्हातारं झालं असतं. मी पायलिंगवाल्याला 3 आणि 4 नंबरकडे पिटाळलं, मग 1 नंबर, आणि दिव्यांच्या कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. 2 नंबर आठ फूट मैदानाकडे घेतला तर? साइडलाइनपासूनचं अंतर 25 वरून 17 फुटांवर येत होतं, ते चालण्यासारखं होतं. प्रश्न उजेडाचा होता. दिवे जवळ आले की खाली जास्त वाकवावे लागतात आणि लांबचा कोपरा अंधारात जातो. दोन वाजता त्याचं उत्तर आलं: दोन दिव्यांचे कोन बदलले की जमतंय. आमच्या परवाना खात्याने दुरुस्तीवर सही करेपर्यंत साडेतीन झाले. चारला रिगचा ऑगर, म्हणजे भोक पाडायचा गिरमिट, 2 नंबरच्या नव्या खुंटीवर टेकला. इन्स्पेक्टर तेव्हाही तिथेच होता. त्याने स्वतःची टेप काढून पाइपापासून अंतर मोजलं, मान हलवली आणि गेला.

कुंपण पुढच्या महिन्यात पाडलं. करारातच होतं तसं, जागा दोघांची म्हणून. आता तिथे सलग गवत आहे, आणि 2 नंबरचा खांब रांग मोडून पुढे आल्यासारखा दिसतो.

खांब हलवला त्या दिवशी रात्री साताऱ्याला अण्णांना फोन केला. बांध कोरल्याच्या एका तंट्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मोजणी आधीच का नाही मागवलीस गं?"