चाकाला आरे किती?

परवा दुपारी नौपाड्यातल्या आमच्या घरात पडदे ओढून मी एका चाकाचे आरे मोजत बसलो होतो. चाक समोर नव्हतं, चाकाचा फोटो होता. कुणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी भर उन्हात काढलेला. इंजिन तिरकं उभं, चाकांवरून आडवा गेलेला जाड दांडा, प्रत्येक चाकाचा एक घास व्यापून बसलेलं लोखंडी वजन, आणि उरलेल्या जागेत दिसतील तेवढे आरे. सात दिसले. शेजारच्या दोन आऱ्यांमधला कोन मोजून त्यानं तीनशेसाठला भागलं, तर उत्तर आलं अकरा पूर्णांक काहीतरी. चाकाला अकरा पूर्णांक काहीतरी आरे नसतात.

बायको कोकम सरबत ठेवायला आली.

"झाले का मोजून?"

"अकरा. किंवा बारा."

"काल दहा होते ना, अहो?"

काल दहा होते. काल फोटो दुसरा होता.

२००१ साली मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर आगगाड्या चालवायचा खेळ आला, तेव्हापासूनचा हा नाद. आधी दुसऱ्यांनी केलेली इंजिनं चालवली. मग त्यांतल्या चुका दिसायला लागल्या, आणि माणूस तिथंच संपतो. एकदा चूक दिसायला लागली की गाडी चालवता येत नाही, आपणच इंजिन करायला घ्यावं लागतं. स्क्रीनवर चाक फिरायला लागलं की आरे कुणालाच मोजता येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण स्टेशनात गाडी उभी असते तेव्हा?

लोक म्हणतात, ठाणेकर आहेस, तर देशातली पहिली प्रवासी गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं कर की. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनच्या पुढे पाच मिनिटं, चौदा डबे, चारशे पाहुणे, बोरीबंदर ते आमचं ठाणं. मोह मलाही झाला होता. पण ती इंजिनं कुणी जपून ठेवली नाहीत. दर वर्षी १६ एप्रिलला सोसायटीच्या ग्रुपवर 'पहिली गाडी' म्हणून एक चित्र येतं, खाडीवरच्या कमानींच्या पुलावरून धूर सोडत जाणारी गाडी. मी दर वर्षी लिहितो की बाबांनो, पहिली गाडी ठाण्यालाच थांबली. खाडी ओलांडून कल्याणला रूळ सुरू झाले ते १ मे १८५४ ला, म्हणजे हे चित्र त्या दिवसाचं असूच शकत नाही. त्यावर चार अंगठे येतात, आणि पुढच्या एप्रिलला तेच लोक तेच चित्र पुन्हा टाकतात.

म्हणून मी माझं इंजिन घेतलं. बार्शी लाईनचं. पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन अशा चाकांचं.

आजोळ बार्शीला. रात्रीच्या गाडीनं कुर्डुवाडी, आणि पहाटे तिथं मोठ्या गाडीतून उतरून छोटीत. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. ही लाईन ज्यानं आखली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९७ मध्ये ती सुरू झाली. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, इंजिनाच्याही नाही आणि डब्याच्याही नाही, असा त्याचा हट्ट. म्हणूनच एवढ्याशा इंजिनाला एवढी चाकं. पुढे हाच गृहस्थ वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायला लागला. गोष्ट हलकी कशी उतरेल हा एकच प्रश्न त्याला जन्मभर पडलेला असावा, असं आपलं मला वाटतं.

मामा सांगायचा की गाडी इतकी हळू जाते की उतरून चिंचा तोडून परत चढता येतं. मी प्रत्येक फेरीत खिडकीला नाक लावून वाट बघितली. कुणी उतरलं नाही. मामाही नाही. आषाढीला मात्र वारकऱ्यांनी गाडी अशी भरायची, की उतरायचं राहूच दे, चढलेल्याला पाय टेकायची मारामार.

मला नीट आठवतं ते कुर्डुवाडीचं पहाटेचं ते एक मिनिट. आई हमालाशी बोलत होती आणि मी सरकत सरकत इंजिनापाशी गेलो होतो. सहा वर्षांचा असेन. गरम तेलाचा वास, खालून फुस्स करून निघालेली वाफ, आणि डोक्यावरून गेलेलं प्रचंड काळं चाक. तेच चाक मला करायचं होतं.

आता त्याच्या मापांची गंमत ऐका. फोटोत पट्टी नसते, पण रूळ असतात. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर हे पक्कं, त्यावरून बाकीचं काढायचं. रंगाचं त्याहून अवघड. जुन्या काचांवरच्या कितीतरी फोटोंत लाल रंग काळाच उमटतो, कारण त्या काचेला लाल दिसतच नसे. त्यामुळे बफरची पट्टी काळी दिसली म्हणून काळी रंगवाल तर फसाल. आणि चाकाचा व्यास चुकला तर आवाजही चुकतो. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा धापा टाकतं. मोठ्या गाड्यांचं ते वाफेचं इंजिन, ती नाकावर तारा मिरवणारी डब्ल्यूपी, तिचं मोठं चाक पाच फूट सात इंची. ताशी साठ किलोमीटरला सेकंदाला बारा धापा होतात. म्हणजे झुकझुक वगैरे काही नाही, सलग घरघर. झुकझुक करते ती हळू जाणारी गाडी. आमची.

तर सगळी मापं बसवून मी माझं इंजिन उभं केलं, आणि ते इवलंसं निघालं. चाक सहा वर्षांच्या माझ्याहूनही बुटकं! दोनदा मापं तपासली. बरोबर होती. डोक्यावरून गेलेलं ते चाक कुठल्याच आकड्यात बसेना.

आईला दाखवलं. ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. चष्मा पुसून तिनं बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं.

"आई, आठवतं का हे?"

"मी कुठलं इंजिन बघतेय? मी सामान मोजत होते. सात नग. ट्रंक, वळकटी, दोन पिशव्या, फिरकीचा तांब्या, पाटीतले आंबे आणि तुझ्या आजीचा स्टोव्ह, दुरुस्त करून आणलेला. आठवा तू. तोच सापडत नव्हता."

पन्नास वर्षांनी सातही नग जागच्या जागी.

त्या रात्री मी उगाच एक केलं. सिम्युलेटरमध्ये कॅमेरा कुठंही ठेवता येतो. मी तो फलाटावरून काढून रुळांच्या कडेला, जमिनीपासून तीन फुटांवर आणला, पुढच्या चाकाच्या अगदी अंगाशी, आणि वर वळवला. चाक डोक्यावरून गेलं. बॉयलर दिसेनासा झाला. मागे कुठंतरी आई सामान मोजत असणार. मी बराच वेळ काही न करता तसाच बसलो. मग लक्षात आलं की इथून तर आरे फारच स्पष्ट दिसतात, आणि बारा जरा दाटच वाटतात.

नेरळला माथेरानच्या गाडीचं जुनं वाफेचं इंजिन मांडून ठेवलंय. रूळ दोन फुटी, घराणं वेगळं, पण रिव्हेटचं डोकं पत्र्यातून किती वर येतं हे समजायला चालतं. मागच्या खेपेला मी टेप लावून मोजत होतो, तर एक चहावाला म्हणाला, "साहेब, घ्यायचंय का विकत?" या रविवारी पुन्हा जायचं ठरवलं होतं, तिरक्या फोटोत कोन किती फसवतो ते तिथल्या चाकावर करून बघायला.

रविवारी मेगाब्लॉक आहे.