दीड लाखाच्या घरात रनिंग गेलेली ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सचं तेल बदलायचं की नाही?

सेकंड हॅन्ड ऑटोमॅटिक गाडी घेतली की हा प्रश्न येतोच आणि ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो. एक म्हणतो आधी तेल बदलून घे, दुसरा म्हणतो चुकूनही हात लावू नको, तेल बदललंस की गिअरबॉक्स गेलाच म्हणून समज. आम्ही बाबांसाठी २०११ ची होंडा सिटी घेतलीये, पाच गिअरची ऑटोमॅटिक, स्टिअरिंगच्या मागे पॅडल असलेली, मीटरवर १,४२,००० किमी. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे क्लच दाबायचं कामच नको, आणि साताऱ्याला आत्याकडे ते स्वतः गाडी चालवत जाणार, ड्रायव्हर ठेवू म्हटलं तर ऐकत नाहीत. त्यामुळे हा गिअरबॉक्स टिकणं आमच्यासाठी फार गरजेचं आहे, म्हणून यावर बरंच वाचलं, दोन-तीन गॅरेजवाल्यांशी बोललो, ते सगळं इथे लिहितोय.

गाडीसोबत जाड फाईल मिळाली होती. इंजिन ऑईल, टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, सगळ्याची बिलं, पण गिअरबॉक्सच्या तेलाचं एकही नाही. विकणारे काका म्हणाले "झालं असेल की कधीतरी सर्व्हिसमध्ये." माझ्या मते बिल नाही म्हणजे बदललेलंच नाही असं धरून चालायचं, कारण हे काम साध्या सर्व्हिसमध्ये आपोआप होत नाही, ते सांगून करून घ्यावं लागतं.

आता ती भीती. आमच्या जवळचा मेकॅनिक अनुभवी माणूस आहे, तो म्हणाला, "दादा, चालतंय ना नीट? मग राहू द्या. जुन्या तेलाची सवय झालेली असते, नवीन टाकलं की स्लिप मारायला लागतो." स्लिप म्हणजे इंजिन फिरतं पण ताकद चाकापर्यंत पूर्ण जात नाही. मेकॅनिक खोटं बोलत नव्हता, त्याने असे गिअरबॉक्स गेलेले खरंच बघितलेत. पण होतं काय, लोक तेल बदलायला येतात कधी? गाडी आधीच त्रास द्यायला लागल्यावर. आतल्या क्लच प्लेट (ऑटोमॅटिकमध्ये पेडल नसतं, पण आत क्लच असतात) झिजलेल्या असतात, त्यांचा चुरा तेलात तरंगत असतो, तेल जळून काळं झालेलं असतं, मग नवीन तेल टाकतात आणि पुढच्या महिन्यात गिअरबॉक्स बसतो आणि नाव तेलाचं होतं. प्लेटच संपल्या असतील तर तेल बदललं काय नि नाही बदललं काय, तो जाणारच होता. म्हणजे मेकॅनिकने जे बघितलं ते खरं, पण त्याचं कारण वेगळं, असं मला वाटतं.

ऑटोमॅटिकमधलं तेल नुसतं वंगण नसतं हे आधी डोक्यात ठेवायला पाहिजे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद तेच पुढे नेतं, त्याच्या दाबावर गिअर पडतात, क्लच प्लेट किती घट्ट आणि किती हळू पकडायच्या हे त्यातल्या केमिकलवर ठरतं आणि गरमी बाहेर काढायचं कामही त्याचंच. आणि तेल खराब होतं ते मुख्य करून गरमीने. मोकळ्या हायवेवर एका वेगात झालेले लाख किलोमीटर आणि पुण्यातल्या सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पाच पाच फूट सरकत झालेले लाख किलोमीटर सारखे नाहीत, कारण हळू सरकताना टॉर्क कन्व्हर्टर सतत स्लिप होत असतो आणि ती सगळी गरमी तेलात जाते. लोड भरून घाट चढतानाही तेच. म्हणून नुसता मीटर बघून ठरवता येत नाही, गिअरबॉक्स आज कसा आहे ते बघावं लागतं.

ते बघायचं कसं, तर आधी गाडी पूर्ण गार असताना, रात्रभर उभी राहिल्यावर. ब्रेक दाबून ठेवायचा, पी (पार्किंग) मधून आर (रिव्हर्स) आणि मग डी (ड्राइव्ह) टाकायचा, एखाद सेकंदात हलकासा ठोका जाणवून गिअर लागला पाहिजे, दोन-तीन सेकंद थांबावं लागत असेल तर बरं लक्षण नाही. मग चालवायची, गरम होऊ द्यायची, चढावर घ्यायची. आरपीएम वर जातोय पण गाडी ओढत नाही असं झालं की ते स्लिप. ६०-७० च्या स्पीडला एकसारख्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक पट्टे आहेत, तर तो बऱ्याचदा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचा (एका वेगात चालताना त्याला थेट जोडून टाकणाऱ्या क्लचचा) त्रास असतो आणि हा एक असा त्रास आहे जो नवीन तेलाने बरेचदा जातो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घ्या, पी०७३० किंवा पी०७४० सारखे गिअरबॉक्सच्या बिघाडाचे कोड आले तर आधी त्यांचं बघायचं, तेलाचं नंतर.

मग डिपस्टिक, म्हणजे तेलाची लेव्हल बघायची पट्टी. आमच्या गाडीत इंजिन चांगलं गरम करून, सपाट जागेवर बंद करून, साधारण एक ते दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. बऱ्याच इतर कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, त्यामुळे आपल्या गाडीचं मॅन्युअल बघाच, नाहीतर लेव्हल चुकीची वाचली जाते. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकला. नवीन तेल लाल असतं, आमचं गडद तपकिरी निघालं, पण जळका वास नव्हता आणि बोटांत चोळल्यावर कचकच लागली नाही. गिअर वेळेवर पडत होते, स्लिप नाही, कोड नाही. म्हणजे तेल म्हातारं पण गिअरबॉक्स ठणठणीत, आणि तेल बदलायची वेळ हीच असते. याउलट गाडी स्लिप मारत असती आणि तेल काळं, जळका वास असता तर मी तेलावर पैसे घातले नसते, ते गिअरबॉक्स उघडायच्या खर्चासाठी बाजूला ठेवले असते.

आता कसं बदलायचं. एका ठिकाणी मशीन लावून पूर्ण फ्लश करतो म्हणाले, मी नको म्हटलं. इतक्या वर्षांत कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सला एकदम दाबाने फ्लश केलं तर तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब वळवून गिअर पाडणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकायची भीती असते. साधा ड्रेन अँड फिल बरा, खालचा प्लग खोलायचा, जेवढं आपोआप येईल तेवढं येऊ द्यायचं, तेवढंच मोजून नवीन भरायचं. यात सगळं तेल निघत नाही, आमच्या गिअरबॉक्समध्ये पाच-साडेपाच लिटरच्या आसपास तेल असतं आणि प्लगमधून अडीच लिटरच्या आसपास निघतं. समजा एका वेळी ४४ टक्के बदललं, तर दुसऱ्यांदा नवीन तेलाचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास जातं आणि तिसऱ्यांदा ८२ च्या. मध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवायची, म्हणजे जुनं-नवं नीट मिसळतं आणि बदलही हळूहळू होतो. आम्ही तसंच केलं, बाबा प्रत्येक वेळी टिश्यूवरचा डाग बघायला स्वतः गॅरेजमध्ये हजर.

ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं, ते आवर्जून बघा आणि फोटो काढून ठेवा. त्यावर करड्या रंगाची बारीक पेस्ट असेल तर चालतं, इतक्या रनिंगला ती असणारच. धातूचे तुकडे, कडा टोचणारे कण दिसले तर मात्र बोलणी वेगळी. आमच्याकडे पेस्टच होती, पुसली आणि नवीन वॉशर टाकून प्लग लावला.

तेल कुठलं हे तर सगळ्यात महत्त्वाचं, यात तडजोड नको. या गाडीला आधी होंडाचं झेड-१ नावाचं तेल यायचं, त्याच्या जागी आता होंडाचंच डीडब्ल्यू-१ वापरतात. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असं सांगून कोणी ड्रममधलं तेल ओतत असेल तर गाडी तिथून बाहेर काढा. २०१४ पासूनची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक सिटी (हायब्रिड नव्हे) असेल तर ती सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारी, तिला एचसीएफ-२ हे तेल लागतं, तिथे बेल्ट आणि पुलीची पकड तेलावर असते त्यामुळे चुकीचं तेल गेलं की नुकसान मोठं. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) असेल तर वरचं बरंचसं लागूच नाही, तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त मशीन करतं.

आणि कोणी "लाइफटाइम ऑईल आहे, बदलायचं नसतं" म्हणालं तर त्यांना सांगा, झेडएफ ही जर्मन कंपनी जी महागड्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनवते, ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांत तेल बदला म्हणते. इतका गरम होणारा, इतकं काम करणारा द्रव जन्मभर टिकेल हे पटण्यासारखंच नाही.

अजून गाडी घेतली नसेल, बघताय फक्त, तर विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर बोलणी तिथेच थांबवा आणि दुसऱ्या दिवशी परत या, कारण काही काही गिअरबॉक्सची खोड फक्त गार असतानाच दिसते आणि पाच मिनिटं गरम केली की ती झाकली जाते.