सोफ्यावर बसलेली मुलं

एका संध्याकाळी मी सोफ्यावर टेकायला गेले, तर हे म्हणाले, "जरा सरकून बस, मुलं आहेत." अगदी सहज, शेजारी पाहुणे बसले असावेत तसं. मी हसून विचारलं, कुठली मुलं? तेही हसले आणि विषय बदलला. डुलकी लागली असेल, झोपेत बरळले असतील, म्हणून मी सोडून दिलं.

यांना पार्किन्सन्स होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. थरथर, ताठरपणा, उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटणं, मुंगीएवढं झालेलं अक्षर, सगळं अंगवळणी पडलं होतं. गोळ्यांच्या वेळा तर मी झोपेतही सांगितल्या असत्या. पण या आजारात भास होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

पुढे समजलं की ती मुलं त्याआधी चार-पाच महिने येत होती. दोन मुलगे आणि एक मुलगी. बोलत नाहीत, नुसती बसून असतात. त्याच्याही आधी डोळ्याच्या कडेने मांजर सर्रकन गेल्यासारखं वाटायचं, मान वळवली की काही नाही. कधी पाठीशी कुणी उभं आहे असं वाटायचं. दारामागचा रेनकोट तर रोज रात्री माणूस व्हायचा. यातलं अवाक्षर मला सांगितलं नाही, डॉक्टरांना तर नाहीच. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "वेडा ठरवलं असतंस." जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस. डोळ्यांना दिसतंय त्याचा हिशेब लागत नाही, हे कबूल करणं त्यांना जड गेलं.

त्यांनी लपवलं म्हणून मी रागावले खरी, पण पुढे मीही तेच केलं. कारण मुलांनंतर 'तो' आला.

मी फोनवर जरा वेळ बोलले की, "कोण होता?" स्वयंपाकघरातून यायला उशीर झाला की, "गेला का तो?" मागच्या दाराने माझ्याकडे एक माणूस येतो, अशी यांची खात्री झाली होती. मी सहासष्ट वर्षांची, एक जिना चढायला दोनदा थांबते, आणि माझं लफडं! आज लिहिताना हसू येतं. तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते. शपथा घेतल्या, मागचं दार उघडून दाखवलं, भांडले. एकाचाही उपयोग झाला नाही. उलट, "एवढं स्पष्टीकरण देतेस, म्हणजे काहीतरी आहे." मुलाला सांगायची लाज वाटली. डॉक्टरांनी "बाकी कसं?" विचारलं तेव्हा मी "ठीक आहे" म्हटलं. ते "ठीक आहे" आम्हाला महागात पडलं.

एके रात्री दोन वाजता हे काठी घेऊन 'त्याला' हाकलायला निघाले. मी आडवी आले, तर मला ढकललं. जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. पार्किन्सन्स आहे हे मी दोनदा सांगितलं होतं. पुढचे दोन दिवस हे लाकडासारखे पडून होते, पाणीही गिळता येईना.

आमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोनवर औषधाचं नाव सांगितलं, तर ते क्षणभर गप्पच झाले. यांच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, आधीच कमी, आणि हे औषध उरल्यासुरल्याचाही रस्ता अडवतं. आता फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय: हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन नको. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडसुद्धा नको.

त्यानंतरच्या भेटीत मी सगळं सांगितलं, यांच्यासमोरच. डॉक्टरांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, पुढेमागे निम्म्याहून जास्त रुग्णांना यातलं काही ना काही होतं. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असं नोंदवलं. तो समज फार काळ टिकला, त्यामुळे लोक सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. हे वेड नव्हे. आजार मेंदूत पसरत जातो आणि हालचालीसाठी दिलेल्या गोळ्या त्यात भर घालतात. यांच्या चेहऱ्यावर फारसे भाव उमटत नाहीत, तो मुखवटाही या आजाराचाच भाग. पण "वेड नव्हे" ऐकल्यावर यांनी माझा हात धरला.

मला वाटलं, आता भास थांबवायची गोळी देतील. त्यांनी लघवी तपासायला सांगितली! जंतुसंसर्ग निघाला. वयस्कर माणसाला ताप न येताही त्याने भ्रम होऊ शकतो. संसर्गावर औषध, भरपूर पाणी, बद्धकोष्ठतेवर उपाय, एवढ्यावर रात्रीचा धिंगाणा निम्म्यावर आला. मुलं आणि 'तो' मात्र हलले नाहीत.

मग सुरू झाली वजाबाकी. थरथरीसाठी कधीकाळी सुरू केलेली ट्रायहेक्सिफेनिडिल आधी, मग अमँटाडिन, मग प्रामिपेक्सोल, याही पार्किन्सन्सच्याच गोळ्या. लेव्होडोपा ही मुख्य गोळी, तिला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. प्रत्येक गोळी पायरीपायरीने उतरवायची, एकदम काही बंद करायचं नाही, हे डॉक्टरांनी माझ्याकडून वदवून घेतलं. या गोळ्या अचानक तुटल्या तर जोराचा ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. आणि प्रामिपेक्सोल झटकन थांबवली तर माणूस कासावीस होतो.

मी वही घातली. त्यातलं एक पान: "मंगळवार. ट्रायहेक्सि. बंद होऊन ६ दिवस. सकाळी मुलं नाहीत. संध्याकाळी ७ ला मुलगी एकटी, १० मिनिटं. 'तो' नाही. उजवा हात जास्त, पाण्याचा पेला सांडला. झोप ४ तास." डॉक्टर माझ्या बोलण्यापेक्षा या वहीवर जास्त विश्वास ठेवायचे. बरोबरच होतं ते, मला वाईट रात्र तेवढी लक्षात राहायची.

वजाबाकीची किंमत होतीच. प्रामिपेक्सोल उतरली तशी चाल मंदावली, कुशीवर वळायला माझा हात लागू लागला. गोळी पुन्हा थोडी वाढवायची का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे स्वतः म्हणाले, "हात हलू दे. तो माणूस नको."

एवढं करूनही 'तो' अधूनमधून यायचाच, म्हणून शेवटी भासांवरची गोळी, क्वेटियापिन, आली. रात्री साडेबारा मिलिग्रॅम, मग पंचवीस. पार्किन्सन्समध्ये भासांवरच्याच दुसऱ्या गोळीचा, क्लोझापिनचा, गुण जास्त खात्रीचा, पण तिच्यासाठी सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. यांच्या शिरा सापडता सापडत नाहीत, म्हणून ती राखून ठेवली. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना अशा औषधांनी जिवाचा धोका वाढतो, हेही डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. सकाळी उठताना रक्तदाब पडायचा, म्हणून आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं.

घरात रेनकोट कपाटात गेला, तिन्हीसांजेच्या आधीच दिवे लागू लागले. वाद घालायचं मी सोडलं. हो ला हो ही करायचं नाही, ते जास्त कठीण. "मला नाही दिसत, पण तुम्हाला दिसतंय हे खरं," इतकंच म्हणायचं आणि मुलं बसली असतील त्या जागी सरळ जाऊन बसायचं. मी बसले की ती जातात, असं यांचं म्हणणं.

क्वेटियापिन सुरू होऊन पाचेक आठवडे झाले असतील. मी यांच्या शर्टाची बटणं लावत होते. यांनी विचारलं, "मी तुला काय काय बोललो गं?"

"पुष्कळ," मी म्हटलं.

"मागच्या दाराचं?"

"तेही." मग कॉलरचं बटण राहिलंच, ते लावलं.

आता 'तो' नाही. मुलगी कधीतरी येते, आणि ती खरी नाही हे यांना ठाऊक असतं. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. अंधुक दिसण्यानेही भासांना खतपाणी मिळतं, असं डॉक्टर म्हणाले. काल रात्री डोळ्यांत थेंब घालताना यांनी विचारलं, "अगं, पण ऑपरेशननंतर ती आणखी स्पष्ट दिसायला लागली तर?"

मला इतकं हसू आलं की थेंब गालावर पडला. पुन्हा घालावा लागला.