शॉकअपचे क्लिक आणि माझा आगाऊपणा

नवे ॲडजस्टेबल शॉकअप बसवले त्याच आठवड्यात मी गाढवपणा केला. चारही चाकांचे रिबाउंडचे नॉब, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत उघडेल ते ठरवणारे, पार बंद होईपर्यंत पिळले. जितकं कडक तितकं दणकट, एवढाच हिशोब! मग ओळीने उंचवटे असलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी घातली. पहिले चार-पाच झकास गेले. नंतर गाडी बसतच गेली आणि शेवटी मागचा बंपस्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पार दबलं की टेकतो तो रबरी ठोकळा, धाडकन आपटला. मला वाटलं, स्प्रिंगच मऊ आहे. खरं तर रिबाउंड इतका आवळला होता की चाक खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येत होता, आणि सस्पेन्शन दर धक्क्याला थोडं थोडं दबूनच राहत होतं.

आता नॉब हलक्या हाताने बंद करतो आणि अडला की थांबतो. जोर लावला तर आतली सुई खराब होते. तिथून उलटे क्लिक मोजायचे. एका वेळी पुढची किंवा मागची एकच जोडी, दोनच क्लिक, डावं-उजवं सारखं. मग तोच रस्ता, तोच वेग. आकडे डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणावर आतून मार्करने लिहिलेत. त्यातले निम्मे खोडलेले आहेत.

प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, रिंग फिरवायची तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावायलाच हवेत. रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होते हा गैरसमज माझाही होता. बदलते ती गाडीची उंची. दबलेली स्प्रिंग शॉकअपवरून उतरवायचं काम मात्र मी करत नाही. ती सुटली तर हात-तोंड फोडते.

शॉकअपला जोडलेल्या नायट्रोजनच्या बाटलीचंही तेच. तिचा व्हॉल्व्ह अगदी टायरच्या व्हॉल्व्हसारखा दिसतो, म्हणून साधा गेज लावून बघायचा मोह होतो. पण आत साधारण १५० ते २०० पीएसआय दाब आणि जागा एवढीशी. गेजची नळी भरतानाच दाब उतरतो. वर कॉम्प्रेसरची हवा भरली तर तिच्यासोबत ओलावा आत जातो. दाब न सोडता झाकण उघडणं किंवा शॉकअपला भोक पाडणं तर सरळ जिवाशी खेळ.

धुण्याबाबत एकच सांगतो, प्रेशरचा फवारा सीलवर, म्हणजे शॉकअपच्या रॉडभोवती तेल अडवणाऱ्या रबरावर, मारू नका, चिखल आत ढकलला जातो. मी रॉड ओल्या फडक्याने पुसतो आणि मग त्यावरून नख फिरवतो. नख अडलं की तिथे ओरखडा आहे आणि तो दर फेरीला सील कापतोय.

खडबडीत रस्त्यावरून आल्यावर चारही शॉकअपजवळ हात नेऊन बघतो. लगेच धरायचे नाहीत, चांगलाच चटका बसतो. परवा तीन तापलेले आणि मागचा उजवा गार. गार म्हणजे काम करत नाही! वाकून पाहिलं तर तेल ओघळलेलं आणि त्यावर धुळीचा लेप. तो आता सर्व्हिसला दिलाय. परत बसवताना शॉकअपच्या टोकांना असलेल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे कसायचे आहेत. चाक लटकत असताना कसले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. तशी चिठ्ठी पान्यांच्या पेटीत ठेवलीय. मागच्या वेळी विसरलो होतो.